बाकाच्या मधली रेघ

आमच्या घरी पाहुणे आले की जेवणं झाल्यावर मला गोष्ट सांगायला बसवतात. बसवतात म्हणजे काय, मी बसतोच, सौ. फक्त "झालं, आता सुरू होणार" असं पुटपुटत भांडी आवरायला उठते. माझ्या गोष्टींपैकी रियाधच्या बत्हा भागातल्या हॉटेलची गोष्ट सगळ्यांत खपाऊ. भिंतीला टाइल हिरवी लावायची की पांढरी, यावरून सात कोकणी माणसं सहा शुक्रवार कशी भांडली, ते मी आवाज काढून, हातवारे करून सांगतो. लोक पोट धरून हसतात. मग मी थांबतो आणि बडीशेप मागतो.

या अंकासाठी लिहायचं ठरलं तेव्हा साहजिकच तीच गोष्ट लिहायला घेतली. सौ.नं चार पानं वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "पुढचं कुठाय?"

"दिवाळीत कुणाला वाचायचंय पुढचं?"

"मग दुसरं काहीतरी लिहा. पाहुण्यांना अर्धं सांगता ते ठीक आहे. छापायचं तर सगळं छापा."

म्हणून हे सगळं.

मी रियाधमध्ये फिट-आउटचं काम करतो. इमारत बांधणारे वेगळे. ते सिमेंटची रिकामी खोली देऊन मोकळे होतात. त्या खोलीचं दुकान, दवाखाना किंवा बिर्याणीचं हॉटेल करून देणारे आम्ही. छत, फरशी, वायरिंग, फर्निचर, सगळं आमच्याकडे. शिक्षणानं मी डिप्लोमावाला ड्राफ्ट्समन, हुद्द्यानं प्रोजेक्ट सुपरवायझर. मुलीला शाळेत कुणी विचारलं तर ती सांगते, "पापा दुकान तोडते हैं." तेही खोटं नाही. नवं करायच्या आधी जुनं तोडावं लागतं, आणि आमचं निम्मं आयुष्य त्या धुळीत जातं.

या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. नकाशा कुणालाही वाचता येत नाही. आम्ही जो नकाशा दाखवतो तो छप्पर काढून वरून बघितल्यासारखा असतो, घिरट्या घालणाऱ्या घारीला दिसेल तसा. त्यात उंची नसते. सात फुटी कपाट आणि देवघराचा पाट, दोन्ही नुसते चौकोन. अल-खोबरला एका पुणेकर इंजिनिअरच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर आम्ही केलं होतं. नकाशा त्यांनी तीन दिवस घरी ठेवून घेतला, लाल पेनानं दोन स्पेलिंगं सुधारली आणि सही केली. काम झालं, फ्रिज आत गेला आणि त्याचं दार अर्धंच उघडायला लागलं.

"अहो, मी अख्ख्या प्लांटचे नकाशे वाचतो!" ते माझ्यावर ओरडले.

"प्लांटमध्ये कोथिंबीर काढायला फ्रिज उघडावा लागत नाही," त्यांच्या मिसेस म्हणाल्या.

उलट एक सौदी आजोबा होते. त्यांनी माझा नकाशा गुंडाळून परत दिला, रिकाम्या फरशीवर तक्के मांडले, एकेका तक्क्याला टेकून बसून बघितलं आणि म्हणाले, "भिंत इथं. खलास." तेवढं एकच काम मला कधी दुरुस्त करावं लागलं नाही. बाकी सगळे कागदाकडे बघून मान हलवतात, कारण चार माणसांत "मला कळत नाही" म्हणायला कुणालाच आवडत नाही. ती मान हलली की आम्ही सही घेतो.

आता हॉटेल.

बत्ह्याच्या एका गल्लीत, पैसे पाठवायच्या दुकानांच्या मागं, दाभोळ खाडीकाठच्या एका गावाचं हॉटेल आहे. गावाचं म्हणजे खरोखर गावाचं. तीसेक वर्षांपूर्वी त्या गावच्या माणसांनी मिळून ते घेतलं. तेव्हा कागदावर मालक कफील, म्हणजे जामीन राहणारा सौदी माणूस, असायचा, तशीच पद्धत होती. पुढं नवे नियम आले, तेव्हा सात भागीदारांनी रीतसर परवाना काढला. सकाळी चहा-पाव, दुपारी मच्छीकढी-भात. पण लोक खायला कमी आणि बसायला जास्त येतात. कुणाच्या मुलीचं ठरलं, कुणाची आई गेली, गावच्या जेट्टीचं काम कुठवर आलं, सगळं तिथं कळतं. मी चिपळूणचा, म्हणजे त्यांच्या हिशेबानं खाडीच्या वरच्या अंगाचा, म्हणून मीही शुक्रवारी जायला लागलो. "साळवीभाऊ आले, वाटी मोठी द्या," अशी माझी तिथं ख्याती होती.

आमच्या कंपनीतल्या एका इंग्रज मॅनेजरला मी या हॉटेलबद्दल सांगितलं तेव्हा तो म्हणाला, त्याच्या गावानंही मिळून एक पब विकत घेतलाय आणि आता गालिचा बदलायचा की नाही यावरून निम्मं गाव उरलेल्या निम्म्याशी बोलत नाही. मला जरा बरं वाटलं. त्यांच्याकडे निदान बीअर तरी होती. आमच्याकडे नुसत्या चहावर एवढं रण.

हॉटेल नवं करायचं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. या मंडळींचा एक नियम होता: कुठल्याही गोष्टीला सातही जणांनी हो म्हटलं पाहिजे. मतं मोजायची नाहीत. गावात एकदा शाळेच्या कमिटीसाठी हात वर करून मोजले होते, तेव्हापासून दोन कमिट्या आहेत आणि शाळा एकच. त्यामुळे दर शुक्रवारी नमाजानंतर बैठक, आणि दर बैठकीत टाइल.

"हिरवी लावा," गफूरचाचा म्हणायचे. ते सगळ्यांत वडील, सत्तरीच्या आसपास. "मच्छी खाऊन हात पुसला तरी दिसत नाय."

"चाचा, भिंतीला हात कोण पुसतं?" हा इम्तियाज. चाळिशीचा, भागीदारांत सगळ्यांत लहान, इथंच वाढलेला. परवान्यावर सही त्याची होती.

"तुजा बाप पुसायचा."

हे असं सहा शुक्रवार. पाहुण्यांना सांगतो ती गोष्ट इथं संपते.

टाइल हे निमित्त होतं, हे मला चौथ्या शुक्रवारी कळलं. खरं भांडण बाकाचं होतं.

हॉटेलच्या मागच्या भिंतीला लागून एक लांब लाकडी बाक होता. गावातला जो कुणी इकडे नवा येई किंवा ज्याचं काम सुटे, तो दुसरी सोय होईपर्यंत त्या बाकावर चादर टाकून झोपे. "किती दिवस?" असं त्याला कुणी विचारायचं नाही, हा दुसरा नियम. गफूरचाचा स्वतः तिथं झोपले होते. इम्तियाजचे वडीलही. आणि मी काम घेतलं तेव्हा नऊ महिने तिथं दाऊदभाई होता.

दाऊदभाई शटरिंगचा सुतार. काँक्रीट ओतायच्या आधी लाकडी साचा बांधावा लागतो, तो बांधणारा. रास अल खैरला एका ठेकेदाराकडे होता. ठेकेदारानं गाशा गुंडाळला, दाऊदभाईच्या इकाम्याची, म्हणजे राहायच्या परवान्याची, मुदत संपली आणि प्रकरण कचेरीत अडकलं. ते सुटेपर्यंत त्याला काम करता येत नव्हतं आणि घरीही जाता येत नव्हतं. वय पंचावन्न, अंगात साखर. इन्सुलिन हॉटेलच्या फ्रिजमध्ये, ताकाच्या डब्याशेजारी. दिवसभर स्वस्थ बसवेना म्हणून हॉटेलातल्या डुगडुगणाऱ्या खुर्च्या त्यानं एकेक करून नीट केल्या होत्या.

त्यातच बलदियाचा, म्हणजे नगरपालिकेचा, माणूस तपासणीला आला. त्यानं बाकामागून दाऊदभाईची वळकटी ओढून काढली आणि फोटो घेतला. खाण्याच्या जागी कुणी झोपत असेल तर दुकानाला सील, असं बजावून गेला.

"बाक काढायचा," त्या चौथ्या शुक्रवारी इम्तियाज म्हणाला.

दाऊदभाई तिथंच बसला होता. "जरा बाहेर जाऊन येतो," म्हणून तो उठला.

"बाक हलणार नाय," गफूरचाचा म्हणाले.

"चाचा, सही माझी आहे. बिनकागदाचा माणूस सापडला तर मला उचलतील. तुमचं कुटुंब गावाला आहे. माझी पोरं इथल्या शाळेत आहेत."

"तुजा बाप चार महिने निजला त्या बाकावर."

"तेव्हाचं तेव्हा. आता जागोजागी कॅमेरे आहेत, चाचा!"

"मग कुठं पाटवू त्याला? बोल. तू नेतोस घरी?"

इम्तियाजनं चमचा उचलून चहा ढवळायला घेतला. बाकीचे पाचही जण कपाकडे बघत राहिले. मग कुणीतरी हळूच टाइलचा विषय काढला आणि सगळे हायसं वाटून त्याच्यावर तुटून पडले.

दोन दिवसांनी इम्तियाजचा मला फोन आला. "साळवीभाऊ, बाक राहू दे. चाचांचं मन राहील. पण झोपता येणार नाही असं काहीतरी करा ना. मॉलमध्ये करतात तसं. फक्त माझं नाव नको."

करतातच. मीच किती मॉलमध्ये केलंय. बाकाला दर दोन फुटांवर हात बसवायचे, खुर्चीला असतात तसे. बसणाऱ्याला आरामच वाटतो. आडवं मात्र होता येत नाही. खरं सांगतो, इम्तियाजनं ते सुचवलं तेव्हा मला वाईट वाटलं नाही. चार आठवडे जे सुटत नव्हतं ते माझ्या पेन्सिलीनं सुटणार, या कल्पनेनं मी खूश झालो. एकाला बाक मिळतो, दुसऱ्याला सुटका. या बाकाला मधोमध एकच हात पुरत होता, आणि नकाशात तो म्हणजे काय? वरून बघितल्यावर एक बारीकशी आडवी रेघ.

सहाव्या शुक्रवारी मी नकाशा टेबलावर पसरला. कागद सारखा गुंडाळत होता, म्हणून दाऊदभाईनं त्याचा कोपरा दाबून धरला. मी सांगत गेलो: इथं भटारखाना, इथं बेसिन, टाइल खाली हिरवी आणि वर पांढरी. यावर गफूरचाचा पहिल्यांदा हसले. "आणि बाक," मी म्हणालो, "आहे तिथंच. नवा, लांबीला तेवढाच."

गफूरचाचांनी इम्तियाजकडे बघितलं. इम्तियाजनं मान हलवली.

तेवढ्यात दाऊदभाईचं बोट कागदावरून सरकत आलं आणि बाकाच्या मधल्या रेघेवर थांबलं.  या खोलीत नकाशा वाचता येणारा एक माणूस होता, आणि तो कोण हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आयुष्यभर त्यानं नकाशा बघूनच साचे बांधले होते.

"भाऊ, बाकाच्या मधे हे काय हाय?"

"आधार," मी म्हटलं. "टेकायला."

त्यानं माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग त्या भिंतीशी असलेल्या जुन्या बाकाकडे बघितलं.

"बरं हाय," तो म्हणाला. "म्हाताऱ्या माणसाला उटताना आधार लागतो."

"मग काय, सगळ्यांना मंजूर?" इम्तियाजनं विचारलं. सात माना हलल्या. गफूरचाचांनी दुवा मागितली, चहा आला, आणि मी सही घेतली.

काम रमजानात केलं, कारण दिवसा हॉटेल बंदच असतं. तेवढा महिना दाऊदभाई खर्ज रोडकडच्या एका बांधकामावर, गावच्याच एका वॉचमनच्या कंटेनरमध्ये राहायला गेला. "ईदपर्यंत," असं सगळे म्हणत होते. तोही म्हणाला, "ईदपर्यंत."

ईदच्या सकाळी हॉटेल उघडलं. सगळे नवे कपडे घालून, अत्तर लावून आले होते. टाइल चकचकत होत्या. दाऊदभाई धुतलेला सदरा घालून आला, सोबत वळकटी नव्हती. तो नव्या बाकावर बसला, बाकाच्या हातावर कोपर टेकलं, शीरखुर्म्याची वाटी घेतली. मला जवळ बोलावलं.

"उंची बरोबर धरलीत, भाऊ," तो म्हणाला. "नऊ इंच?"

"साडेनऊ."

"बरोबर हाय."

फ्रिजही नवा होता, काचेच्या दाराचा. त्यात थंड पेयांच्या बाटल्यांत दाऊदभाईच्या इन्सुलिनचं उरलेलं खोकं बरं दिसेना, म्हणून इम्तियाजनं ते आधीच पिशवीत घालून ठेवलं होतं, बर्फाच्या पुडीसकट. दुपारी दाऊदभाई ती पिशवी घेऊन पुन्हा कंटेनरकडे गेला. गफूरचाचा दारापर्यंत पोचवायला गेले. "येत जा रे शुक्रवारी," एवढंच ते म्हणाले.

घरी येऊन मी सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "आपल्याकडे आणायचं का त्याला? हॉलमध्ये झोपेल."

"इकामा नसलेल्या माणसाला घरात ठेवणं गुन्हा आहे."

ते खरंच आहे. आमच्या हॉलमध्ये दोन मोठे सोफे आहेत, आम्ही माणसं तीन, आणि तो गुन्हा आहे. मी हे अगदी ठामपणे सांगितलं, आणि ती भांडी आवरायला उठली.

दाऊदभाई तीन शुक्रवार आला. चौथ्या शुक्रवारी आला नाही. कुणीतरी म्हणालं, उन्हं फार आहेत, लांब पडतं. तेही खरं होतं. नंतर कळलं, बांधकामावरचा खिळा त्याच्या टाचेत गेला होता. साखर असलेल्या माणसाला जखम कळत नाही म्हणतात. कळली तेव्हा त्यानं फडकं बांधलं. कंटेनरचा एसी धड चालत नव्हता. त्या उकाड्यात इन्सुलिनचं काय राहिलं असेल, देव जाणे. इस्पितळात कागद मागतील या भीतीनं तो गेला नाही, आणि वॉचमनलाही त्यानं शपथ घातली. इस्पितळवाल्यांनी कागद मागितले नसते. त्याला उचलून नेलं तेव्हा कुणीही मागितले नाहीत. पण तोवर पाय मांडीपर्यंत काळा पडला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी इम्तियाजचा फोन आला. "भाऊ," तो म्हणाला, "दाऊदभाई गेला."

असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर दफन झालं. मी कबरस्तानाच्या फाटकाबाहेर, गाड्यांच्या रांगेत उभा होतो. आत जाऊ का असं मी कुणाला विचारलं नाही. तिथून सगळे हॉटेलात आलो. शटर अर्धं खाली ओढलं. सातही जण टेबलाभोवती खुर्च्यांवर बसले. बाकावर कुणी बसलं नाही.

मला ते आतल्या आत धरवेना. "चाचा," मी म्हटलं, "त्या नकाशात एक रेघ होती. ती मी मुद्दाम..." आणि सगळं सांगून टाकलं. इम्तियाजचं नाव तेवढं वगळलं.

गफूरचाचांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"भाऊ, मी चाळीस वर्सं हाय इथं. विमानतळावर, इस्पितळात, कचेरीत, सगळीकडं तसल्याच बाकांवर बसलो. मना ती रेघ वळखू येत नाय वाटलं तुमाला?"

"मग बोलला का नाहीत?"

"दाऊदनं विचारलं, तुमी सांगितलंत, त्यानं बरं हाय म्हटलं. आमी सगळ्यांनी ऐकलं." त्यांनी इम्तियाजकडे बघितलं, पण रागानं नाही. "याची पोरं शाळेत जातात. मी नाय म्हटलं असतं तर मग त्याला कुठं नेऊ, ते पण मनाच सांगावं लागलं असतं."

दुसऱ्या पाच जणांना यात काही नवल वाटलेलं दिसलं नाही. त्यांच्याकडे बघून मला कळलं की त्या दिवशी मी कुणालाच फसवलं नव्हतं. प्रत्येकानं ती रेघ बघितली होती आणि दुसऱ्या कुणीतरी विचारावं म्हणून वाट बघितली होती. विचारलं फक्त त्यानं.

तेवढ्यात फोन वाजला. गावाहून, दाऊदभाईची बायको. चाचांनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. पहिल्यांदा नुसतं रडणं ऐकू आलं. मग तिनं विचारलं, "चाचा, शेवटला कुटं होते ते? हॉटेलातच ना?"

गफूरचाचांनी डोळे मिटले. "हो, पोरी. हॉटेलातच. आपल्या बाकावर."



"आपली माणसं होती ना जवळ?"

"सगळे होते."

"पाणी कुणी पाजलं?"

 चाचा टेबलाभोवती एकेका तोंडाकडे बघत गेले, माझ्याही. शेवटी इम्तियाज पुढं वाकला.

"मी पाजलं, भाभी."

"कोण? इम्तियाज? अल्ला तुला सुखी ठेवो रे बाबा. तुझ्या पोराबाळांना सुखी ठेवो. मला तीच काळजी होती, परमुलखात एकटे असतील म्हणून." ती बराच वेळ त्याला दुवा देत राहिली, आणि तो दोन्ही हात टेबलावर ठेवून ऐकत राहिला.

तिला खरं काय ते अजून कुणी सांगितलेलं नाही. मी इथं लिहिताना सगळ्यांची नावं बदलली आहेत. आणि हा अंक तिच्या गावापर्यंत जात नाही, हे लेख पाठवायच्या आधी मी संपादकांना फोन करून विचारून घेतलं आहे.